लाटेआधी मर्यादा : मोडनिंबहून फिजीच्या सर्फिंग सहलीची आखणी

मोडनिंब हे समुद्राचे गाव नव्हे. माढा तालुक्यातील, पुणे-सोलापूर महामार्गावरील आणि कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्गावरील हे बाजाराचे ठिकाण. येथून पश्चिम किनारा सरळ रेषेतही दोनशे किलोमीटरांहून दूर आहे. येथील माणसाचा पाण्याशी परिचय विहिरीचा, कालव्याचा, फार तर उजनीच्या जलाशयाचा. परंतु पुण्या-मुंबईत शिकणारी आपली मुले सुट्टीत घरी येतात, तेव्हा त्यांच्या मोबाइलवर निळ्या लाटांवर फळी घेऊन उभी असलेली माणसे दिसतात. 'या वर्षी पॅसिफिकमधल्या एखाद्या बेटावर सर्फिंग शिकायला जाऊ या' असा हट्ट त्यांनी धरला, तर त्यात नवल मानू नये.

अशा हट्टाला व्यापारी घरांतून सहसा दोन उत्तरे मिळतात. एक, 'असले नको ते धाडस कशाला?' दुसरे, 'किती लागतात ते सांग आणि जा.' पहिल्या उत्तराने मुलगा थांबतोच असे नाही. पुढे स्वतः कमावू लागला की तो मित्रांबरोबर जातो, आणि तेव्हा त्याच्या खाण्यापिण्याचा व सुरक्षेचा विचार घराने केलेला नसतो. दुसऱ्या उत्तराने पैसा मिळतो, दिशा मिळत नाही. या दोहोंहून वेगळा असा एक तिसरा मार्ग श्रावकाचाराने आपल्या हाती फार पूर्वीच दिला आहे : निघण्यापूर्वी मर्यादा ठरवाव्यात आणि मग निघावे. त्या दृष्टीने अशा सहलीची आखणी कशी करता येईल, याचा विचार येथे केला आहे.

खेळ कोणता, लाट कोणती

किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटेच्या उतारावर फळी सोडून तिच्यावर तोल सांभाळत उभे राहणे, म्हणजे सर्फिंग. हा मूळचा पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियन लोकांचा खेळ. कॅप्टन कुकच्या तिसऱ्या सफरीतील अधिकारी जेम्स किंग यांनी १७७९ साली हवाई बेटांवर पाहिलेल्या या खेळाचे वर्णन लिहून ठेवले आहे. राजघराण्यातील व्यक्तींपासून सामान्य स्त्री-पुरुषांपर्यंत सर्वजण तेथे तो खेळत. एकोणिसाव्या शतकात परकीय रोगांनी हवाईची लोकसंख्या घटली, मिशनऱ्यांचा प्रभाव वाढला आणि हा खेळ मागे पडला. विसाव्या शतकाच्या आरंभी तो पुन्हा सावरला. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविणारे हवाईचे ड्यूक कहानामोकू यांनी पुढे ऑस्ट्रेलियात त्याची प्रात्यक्षिके केली. २०२१ मध्ये पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकपासून सर्फिंग हा ऑलिंपिक खेळ आहे. आपल्या देशातही तो आता नवखा राहिलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरम येथे झालेल्या आशियाई सर्फिंग स्पर्धेत रमेश बुदिहाळ यांनी भारतासाठी कांस्यपदक मिळविले.

ज्याला लाटेवर उभे राहायचे आहे, त्याने लाट म्हणजे काय ते प्रथम समजून घ्यावे. दूर समुद्रात वादळी वारा पाण्यावर दीर्घकाळ वाहतो आणि त्याची शक्ती पाण्यात उतरते. ती शक्ती हजारो किलोमीटर प्रवास करते. पाणी मात्र जवळजवळ जागच्या जागी गोल फिरून पुन्हा तेथेच येते. किनाऱ्याजवळ तळ वर आला की लाटेचा पाय अडखळतो व माथा पुढे कोसळतो. साधारणतः पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सव्वापट उरली की लाट फुटते. म्हणजे डोक्याएवढी लाट जेथे फुटते, तेथे खाली माणूस बुडेल जेमतेम एवढेच पाणी असते. तळाशी वाळू असेल तर पडणाऱ्याला थोडे खरचटते. तळाशी प्रवाळाचा खडक असेल तर कातडी सोलते, हाड मोडते, क्वचित प्राणावरही बेतते. एकाच बेटावरची एक लाट मुलांना खेळण्याजोगी आणि दुसरी जीवघेणी का असते, याचे कारण बहुतांशी या तळात आहे.

आधी घरातला प्रश्न

तिकिटाच्या आधी घरात एक प्रश्न सोडवावा लागतो आणि तो टाळू नये. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त अनर्थदंडाचे प्रकार सांगताना प्रमादचर्येचा उल्लेख केला आहे. माती, पाणी, अग्नी, वायू यांचा निष्कारण आरंभ करणे, निष्कारण वनस्पती तोडणे, निष्कारण भटकणे व इतरांना भटकायला लावणे, हे सारे त्यात येते. पाणी हे आपल्या दृष्टीने अप्कायिक जीवांचे शरीर आहे. मग केवळ गमतीसाठी समुद्रात उतरणे हा अनर्थदंड ठरत नाही काय, असे घरातील वडीलधाऱ्यांनी विचारले तर तो प्रश्न शास्त्राला धरून आहे आणि त्याला हसून उडवून लावणे योग्य नाही. ज्यांचे व्रत कडक आहे, त्यांच्यासाठी उत्तर स्पष्ट आहे : त्यांनी किनाऱ्यावरच राहावे, किंवा जाऊच नये. ज्यांनी असे व्रत घेतलेले नाही, त्यांनीही 'निष्कारण' या शब्दापाशी थांबून विचार करावा. शरीर कसणे, भय जिंकणे, कुटुंबाने एकत्र राहणे, ही कारणे खरी असतील तर सहल त्या कारणांच्या मापाचीच असावी. केवळ छायाचित्रे काढून मिरवणे हेच कारण असेल, तर त्यासाठी एवढ्या दूर जाऊ नये.

दुसरी गोष्ट दिग्व्रताची. दहा दिशांना मर्यादा घालून 'याच्या पलीकडे मी जाणार नाही' असा जो नियम श्रावक घेतो, त्याच्या सीमा कशाने ठरवाव्यात हे सांगताना समंतभद्र समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश व योजन ही साधने देतात. त्यांत पहिला समुद्रच आहे. घरातील आजी-आजोबांपैकी कोणी असे व्रत घेतले असेल, तर 'थोडे वाढवून घ्या' असा आग्रह धरू नये. लोभाने सीमा वाढविणे, म्हणजेच क्षेत्रवृद्धी, हा त्या व्रताचा अतिचार आहे. म्हणून कोणाचा कोणता नियम आहे याची चौकशी सर्वप्रथम व्हावी.

समुद्रप्रवास म्हणून समुद्रप्रवास आपल्या परंपरेला परका नाही. श्रीपालाची कथा घरोघर माहीत आहे. 'ज्ञाताधर्मकथे'तील माकंदी सार्थवाहाचे पुत्र जिनपालित व जिनरक्षित यांनी अकरा वेळा समुद्र ओलांडून व्यापार केला व ते सुखरूप परतले. बाराव्या वेळी मात्र 'आता पुरे' असे आई-वडील सांगत असतानाही ते निघाले, जहाज फुटले आणि एका फळीच्या आधाराने ते रत्नद्वीपाला लागले. या कथेत अकरा सफरींना दोष दिलेला नाही. पुरे कधी म्हणावे हे न कळल्याने संकट ओढवले.

अर्वाचीन काळातही असे दाखले आहेत. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेस गेलेल्या वीरचंद राघवजी गांधी यांना समुद्र ओलांडल्याबद्दल समाजातून विरोध सहन करावा लागला, तरी परदेशात ते आपल्या आहाराच्या नियमांना धरून राहिले. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद तर आपल्या जिल्ह्याचेच. त्यांच्या सिंधिया कंपनीचे 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनला निघाले आणि तोच दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. समुद्र आपल्याला वर्ज्य नाही. तेथे आपले आचरण कसे असते, एवढाच प्रश्न आहे.

कोणते बेट

पॅसिफिकमध्ये सर्फिंगची तीन नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात : हवाई, ताहिती आणि फिजी. हवाई ही खेळाची जन्मभूमी. परंतु तेथे जाण्यास अमेरिकेचा व्हिसा आणि त्यासाठी मुलाखत लागते. खर्चही मोठा. ताहिती फ्रान्सच्या अखत्यारीत आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची सर्फिंग स्पर्धा तेथील तेआहुपो येथे झाली. ती लाट उथळ प्रवाळावर फुटते व जगातील अतिशय धोकादायक लाटांत गणली जाते. नवशिक्याने ती दुरूनच पाहावी.

आपल्या कुटुंबांना फिजी सर्वांत सोयीचे वाटते, त्याची कारणे इतिहासात आहेत. १८७९ ते १९१६ या काळात सुमारे ६० हजार भारतीय मजूर गिरमिटावर तेथे उसाच्या मळ्यांत कामाला नेले गेले. त्यांच्या मागोमाग विसाव्या शतकाच्या आरंभापासून गुजरातेतील सोनार, शिंपी व दुकानदार स्वतःच्या हिमतीवर गेले आणि तेथील बाजारपेठेत स्थिरावले. गुजरातेतून दक्षिणेत येऊन सोलापूर जिल्ह्याच्या पेठांत रुजलेल्या आपल्या घराण्यांना ही वाटचाल अनोळखी वाटणार नाही. तेथे आजही हिंदी बोलली जाते आणि बाजारात डाळ, तांदूळ, कणीक व मसाले मिळतात. भारतीय पासपोर्टधारकाला पर्यटनासाठी आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही; तरीही नियम बदलत असतात, म्हणून तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी फिजीच्या उच्चायोगाकडे चौकशी करावी. भारतातून थेट विमान नाही. सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे नांदी विमानतळावर उतरता येते. ऑस्ट्रेलियामार्गे जायचे असल्यास त्या देशाचा वेगळा परवाना लागतो.

फिजीच्या ज्या लाटेचे नाव जगभर घेतले जाते ती क्लाउडब्रेक, तावारुआ बेटाजवळच्या खुल्या समुद्रातील प्रवाळावर फुटते. पूर्वी अशा जागांवर काही विश्रामस्थळांचा एकाधिकार होता; २०१० च्या सरकारी आदेशाने त्या सर्वांना खुल्या झाल्या. तेथे नावेतून जाऊन कुशल खेळाडूंना पाहावे, हे उत्तम. शिकण्यासाठी मात्र मुख्य बेटावरील नाताडोलासारखा वाळूचा किनारा व सोबत प्रशिक्षक हवा. यापलीकडे जायचे नाही, ही पहिली मर्यादा.

कोणता काळ

एक गमतीची गोष्ट आहे. मोडनिंब विषुववृत्ताच्या उत्तरेला जवळजवळ १८ अंशांवर आहे, तर नांदी दक्षिणेला जवळजवळ १८ अंशांवर. दोन्ही ठिकाणे विषुववृत्तापासून सारख्याच अंतरावर, पण ऋतू उलटे. आपला उन्हाळा संपत येतो तेव्हा तेथे कोरडा, सौम्य हिवाळा सुरू होतो. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील चक्रीवादळांचा काळ. दक्षिण महासागरातील वादळांमुळे उठणाऱ्या मोठ्या लाटा एप्रिल ते ऑक्टोबर या काळात येतात.

म्हणजे लाटांचा ऐन हंगाम आणि आपला चातुर्मास यांची गाठ पडते. जुलै-ऑगस्टमध्ये लाटा उत्तम, पण तो काळ विहार थांबवून आराधना करण्याचा. पाठोपाठ पर्युषण व दशलक्षण पर्व येते. ज्या काळात त्यागी एका ठिकाणी राहतात, त्या काळात श्रावकाने समुद्रापार खेळायला जाणे शोभत नाही. शिवाय नवशिक्याला मोठ्या लाटा नकोच असतात.

आता व्यापाराचे पंचांग पाहू. मार्चअखेर हिशेबाची, एप्रिल जुळवाजुळवीचा. अक्षय तृतीयेला सराफी व कापड दुकान सोडता येत नाही. मृग लागला की बी-बियाणे व खतांच्या दुकानात पेरणीची गर्दी होते. या दोहोंच्या मध्ये, अक्षय तृतीया ते मृग, एवढीच फट उरते. शाळा-महाविद्यालयांची सुट्टी तेव्हाच असते, फिजीतील वादळांचा काळ संपलेला असतो आणि चातुर्मासाला अजून अवकाश असतो. लग्नसराईत दुकान कोणी सांभाळायचे हे भावाभावांत आधीच ठरवून मे महिन्यातील दहा-बारा दिवस निवडावेत. या वर्षी एक कुटुंब, पुढच्या वर्षी दुसरे, अशी पाळी लावली तर दुकानालाही कुलूप लागत नाही आणि मनेही दुखावत नाहीत.

पहिली पायरी मुलकीची

ज्याला पोहता येत नाही त्याने फळीला हात लावू नये. आपल्याकडे पूर्वी पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत पोहणे शिकवीत. ते शिक्षण चांगले होते. परंतु विहिरीचे पाणी स्थिर असते, समुद्राचे नसते. म्हणून दिवाळीपासून, वीर निर्वाण संवताच्या नववर्षापासून, जाणाऱ्या प्रत्येकाने तरणतलावात नियमित सराव करावा. न थांबता दोनशे मीटर पोहणे आणि दहा मिनिटे पाण्यावर तरंगत राहणे जमले नाही, तर त्या व्यक्तीने किनाऱ्यावर थांबायचे, असा घरचा दंडक असावा. लाडक्या मुलासाठी तो सैल करू नये.

त्यानंतर थेट फिजी गाठण्याऐवजी हिवाळ्यात एकदा कर्नाटकातील मुलकीला जावे. मंगळूरच्या उत्तरेस शांभवी नदीच्या मुखाशी हे गाव आहे. भारतातील सर्फिंगचे पहिले शिक्षण ज्या मोजक्या ठिकाणी सुरू झाले, त्यांत मुलकीचा 'मंत्र सर्फ क्लब' अग्रभागी आहे. मूळचे अमेरिकन असलेल्या एका वैष्णव संन्याशाच्या आश्रमातून तो उभा राहिला आणि त्यामुळे तेथे शाकाहाराची परंपरा आहे. सोलापूरहून विजयपूर, हुबळी, अंकोला व उडुपी असा रस्ता धरावा.

या वाटेचे दुसरे फळ अधिक मोठे आहे. मुलकीपासून मूडबिद्री फार दूर नाही. १४३० सालची चंद्रनाथ बसदी, जिला हजार खांबांची बसदी म्हणतात, ती तेथेच. षट्खंडागमाच्या 'धवला' टीकेच्या ताडपत्रांचे शतकानुशतके जतन झाले तेही तेथेच. ही ताडपत्रे दर्शनापुरती न राहता त्यांची प्रतिलिपी व्हावी, यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ज्यांनी पुढाकार घेतला, त्यांत मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्याबरोबर सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद होते. वालचंदांचे वडील ते हेच. पुढे कारकळला १४३२ साली उभारलेली बाहुबलींची मूर्ती आहे. सकाळी लाटेचा सराव आणि नंतर दोन दिवस वंदना, अशी सहल आजी-आजोबांसह करता येते. ज्यांना फिजी नको त्यांचाही सहभाग त्यात होतो. कित्येकदा मुलांचे समाधान येथेच होईल आणि पुढचा खर्च वाचेल. तसे झाले तर तेही उत्तमच.

ताटातले

फिजीत हिंदी चालते म्हणून आहाराचा प्रश्न सुटला असे समजू नये. तेथील मूळ लोकांचे मुख्य अन्न कंदमुळे हेच आहे : दालो म्हणजे अळूचा कंद, कसावा म्हणजे ज्याच्यापासून साबुदाणा करतात ते मूळ, शिवाय रताळी आणि सुरणासारखे कंद. 'शाकाहारी' असे सांगितल्यावर हेच पदार्थ आदराने समोर येतील. म्हणून 'जमिनीखाली वाढणारे काही नको' असे स्पष्ट सांगण्याची सवय लावावी. अळूची पाने तेथे नारळाच्या दुधात शिजवतात. आपल्या फतफद्याची आठवण व्हावी असा तो पदार्थ आहे. मात्र भांडे व सोबतचे जिन्नस विचारून घ्यावेत, आणि अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी वर्ज्य असल्यास तो दिवस डाळ-भातावर काढावा.

स्वयंपाकघर असलेली राहण्याची जागा घेणे, हा सर्वांत सोपा उपाय. सिंगातोका खोऱ्याला फिजीची भाजीची टोपली म्हणतात. तेथील बाजारात भेंडी, भोपळा, पपई, केळी व नारळ मिळतात. सोबत खाकरा, मेतकूट, भाजलेल्या दाण्याची लसूण नसलेली चटणी आणि पाणी गाळण्याचे दुपदरी फडके असावे. तेथील जैवसुरक्षेचे नियम कडक आहेत. बी-बियाणे, ताजी फळे, दुधाचे पदार्थ नेऊ नयेत. जे न्याल ते विमानतळावरच्या अर्जात लिहून जाहीर करावे. लपवून नेलेल्या पुडीने दंड होतो आणि सत्यव्रतही मोडते.

मे महिन्यात तेथे सूर्यास्त साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास होतो. ज्यांचा रात्रिभोजनाचा त्याग आहे त्यांनी चारनंतर पाण्यात उतरूच नये, म्हणजे सावकाश स्वयंपाक व भोजन होते. घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे असल्याने तिथींचा घोळ होऊ शकतो. कोणत्या पंचांगाने चालायचे ते निघण्यापूर्वी महाराजांना किंवा जाणकारांना विचारून ठेवावे.

आणखी एक प्रसंग येईल. फिजीच्या खेड्यात पाहुण्याचे स्वागत कावाने करतात. हे पेय मिरीच्या कुळातील एका वनस्पतीच्या मुळापासून बनते व ते सौम्य गुंगी आणते. आपल्याला मूळ म्हणूनही ते चालत नाही आणि मादक म्हणूनही नाही. परंतु ते त्यांचे आदरातिथ्य आहे. आपल्या नियमाची कल्पना वाटाड्यामार्फत यजमानांना आधीच द्यावी, म्हणजे भर सभेत वाटी परत करून त्यांचे मन दुखवावे लागत नाही. गावात फिरताना खांदे व गुडघे झाकलेले असावेत आणि डोक्यावर टोपी नसावी, ही तेथील रीतही पाळावी.

पाण्यातले नियम

देशव्रतात श्रावक ठरावीक काळापुरती जवळची सीमा आखून घेतो : आज अमुक घरापर्यंत, अमुक वेळेपर्यंत. समुद्रावर याहून उपयोगी नियम सापडणार नाही. रोज पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकाने मोठ्याने सांगावे : 'मी त्या खडकाच्या अलीकडे, कमरेएवढ्या पाण्यात, नऊ वाजेपर्यंत.' एक जण किनाऱ्यावर बसून लक्ष ठेवील. वेळ झाली की लाट कितीही चांगली असो, बाहेर यायचे. 'एकच शेवटची' असे म्हणत थकलेल्या अंगाने घेतलेली लाट धोक्याची असते.

किनाऱ्याकडे आलेले पाणी परत जाताना एखाद्या वाटेने जोरात समुद्राकडे ओढले जाते. त्या ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. चांगला पोहणाराही दमून बुडतो. शांत राहून किनाऱ्याला समांतर पोहावे, ओढीच्या बाहेर पडावे आणि मग परतावे. जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. शिकाऊ फळी लांब, मऊ फेसाची असावी आणि ती घोट्याला दोरीने बांधलेली असावी. पडताना डोके खाली करून सूर मारू नये; अंग पसरून उथळ पडावे व हातांनी डोके झाकावे. प्रवाळाची जखम लहान दिसली तरी चिघळते. ती लगेच स्वच्छ धुवावी व डॉक्टरांना दाखवावी.

अहिंसेच्या दृष्टीने तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पाय घसरू नये म्हणून फळीला जे मेण लावतात, त्यात कित्येकदा मधमाश्यांचे मेण असते. ते नसलेले मेण विचारून घ्यावे, किंवा मऊ फळी वापरावी, जिला बहुधा मेण लागत नाही. दुसरे, उन्हाचा मलम. त्यातील काही रसायने प्रवाळाला घातक ठरतात म्हणून हवाईने १ जानेवारी २०२१ पासून त्यांतील दोहोंच्या विक्रीवर बंदी घातली. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घातला तर मलम फारसा लागतच नाही, आणि मर्यादाही राखली जाते. तिसरे प्रवाळ. 'जीवविचारा'त शांतिसूरींनी विद्रुम म्हणजे पोवळे पृथ्वीकायिक जीवांत गणले आहे. आजचे विज्ञान त्याला सूक्ष्म प्राण्यांची वसाहत मानते. वर्गवारी वेगळी असली तरी तेथे जीव आहे, यावर दोहोंचे एकमत आहे. त्यावर पाय देऊन उभे राहू नये आणि आठवण म्हणून तुकडा आणू नये. २०२३ साली तेआहुपो येथे ऑलिंपिकच्या पंचांसाठी मनोरा उभारायचे ठरले, तेव्हा प्रवाळाचे नुकसान होईल म्हणून स्थानिक लोकांनीच विरोध करून मोठा मनोरा लहान करायला लावला होता; तरीही पुढे त्या कामात प्रवाळाचे नुकसान झालेच.

जमाखर्च

पासपोर्टची मुदत परतीनंतरही किमान सहा महिने उरलेली असावी. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस आकारला जातो. तो खर्च नव्हे, आपल्या प्राप्तिकरातून वळता होणारी रक्कम आहे. दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून आपल्या सीएला आधी विचारावे व पावती पॅननिशी जपून ठेवावी. विमा उतरवताना 'साहसी खेळ' त्यात समाविष्ट आहे का, हे छापील अटींत वाचून घ्यावे. पुष्कळ साध्या विम्यांत सर्फिंग वगळलेले असते. बेटावरून रुग्णाला हलविण्याचा खर्च त्यात धरलेला असावा. फळ्या विकत घेऊ नयेत, तेथे भाड्याने मिळतात. डासांपासून बचावाची साधने व धनुर्वाताची लस विसरू नये.

आणि एक आकडा सर्वांत आधी वहीत लिहावा : या सहलीवर जास्तीत जास्त किती. परिग्रहाचे परिमाण करणाऱ्या समाजाला हे शिकवावे लागू नये. त्याच पानावर गरजू विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी किंवा जीवदयेसाठी काही रक्कम काढून ठेवली, तर सहलीला वेगळा अर्थ येईल.

अशा रीतीने दिवाळीला घरातली सर्व माणसे एकत्र बसतील, एका कोऱ्या पानावर किनारा, काळ, आहार, पाण्याची सीमा आणि खर्च अशा पाच मर्यादा लिहितील, आजोबा त्याखाली सही करतील, तर परवानगी व आखणी या दोन वेगळ्या गोष्टी उरणार नाहीत. त्या पानावरील एकही अट मुलाला जाचक वाटून तो निघून गेला, तर सहल पुढच्या वर्षावर ढकलावी. आणि त्यानेच पुढे होऊन सहावी अट सुचविली, तर त्याला खुशाल समुद्राकडे पाठवावे.